पराभूत पक्षाने आपला जाहीरनामा नव्याने कसा बांधावा

4 जून 2024 रोजी लागलेल्या लोकसभेच्या निकालात महाराष्ट्रातील 48 पैकी 30 जागा महाविकास आघाडीच्या तीन पक्षांनी जिंकल्या आणि महायुतीला 17 जागांवर समाधान मानावे लागले. त्यानंतर सहा महिने उलटण्याआधीच, 23 नोव्हेंबरला, विधानसभेच्या 288 पैकी 230 जागा महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांकडे गेल्या आणि आघाडीचे तिन्ही प्रमुख पक्ष मिळून 46 वर थांबले. इतक्या थोड्या अवधीत इतका मोठा पालट होण्यामागे उमेदवारांची निवड, बंडखोरी, जातींची समीकरणे, प्रचारयंत्रणा आणि पैसा अशी अनेक कारणे होती आणि त्यांतील कोणत्या कारणाचा वाटा किती, यावर अजूनही एकमत नाही. तरीही जाहीरनामा समितीत बसणाऱ्या प्रत्येकाने एक तपशील डोळ्यांसमोर ठेवला पाहिजे. महायुतीने महिलांना दरमहा 2,100 रुपये देण्याचे वचन दिले होते आणि आघाडीने 3,000 रुपयांचे. कमी रकमेचे वचन देणारी बाजू जिंकली आणि त्यामागील एक कारण असे, की ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा 1,500 रुपयांप्रमाणे पाच हप्ते, म्हणजे 7,500 रुपये, मतदानापूर्वीच खात्यांत जमा झाले होते. पासबुकात उमटलेल्या रकमेपुढे कागदावरच्या दुप्पट रकमेचे वजन पडले नाही.

मतदार वचनातला आकडा ऐकतो, पण त्याआधी वचन देणाऱ्याची पत पाहतो. त्यामुळे पक्षाला आपली भूमिका बदलून मतदार जोडायचे असतील, तर नव्या घोषणा शोधण्याआधी आपली पत कोठे आहे आणि कोठे संपली आहे, हे तपासावे लागते. पुढील मांडणी राज्यात काम करणाऱ्या कोणत्याही पक्षासाठी आहे, मात्र ती लिहिताना डोळ्यांसमोर आहे तो हरलेला पक्ष, ज्याच्या हाती दाखवायला सरकारी योजना नाही.

निकाल मतदान केंद्रापर्यंत वाचावा

पराभवानंतरच्या चिंतन बैठकीत राज्यस्तरावरील टक्केवारी मांडली जाते आणि तिच्यावरून निष्कर्ष काढले जातात. या टक्केवारीवर विसंबणे धोक्याचे आहे. 2024 च्या लोकसभेत दोन्ही आघाड्यांच्या मतांमधील अंतर एक टक्क्याहूनही कमी होते, तरी जागांमधील अंतर 13 चे होते. साकोली विधानसभा मतदारसंघाचा निकाल 208 मतांनी लागला. अशा ठिकाणी राज्यव्यापी लाट असा खुलासा काहीच सांगत नाही. तेथे दोन-तीन गावांचे किंवा एखाद्या वस्तीचे म्हणणेच निर्णायक ठरते.

निवडणूक अधिकारी केंद्रनिहाय मतांचा जो तक्ता नमुना 20 मध्ये प्रसिद्ध करतात, तो प्रत्येक मतदारसंघासाठी उतरवून घ्यावा आणि मागील लोकसभा, मागील विधानसभा व जिल्हा परिषद किंवा नगरपालिका अशा तीन निवडणुकांचे आकडे शेजारीशेजारी ठेवावेत. केंद्रांची फेररचना झालेली असते, म्हणून केंद्राच्या क्रमांकावर न जाता मतदारयादीतील गाव, वाडी व प्रभाग यांवरून जुळणी करावी लागते. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळून चालत नाही. या जुळणीतून तीन प्रकारची केंद्रे समोर येतात: कायम साथ देणारी, कधीच न देणारी आणि एका निवडणुकीत देऊन दुसऱ्या निवडणुकीत न देणारी. जाहीरनाम्याचा बदलता भाग या तिसऱ्या प्रकारच्या केंद्रांमधून आला पाहिजे. तेथील लोकांनी पक्षाला एकदा तरी मत दिलेले आहे, म्हणजे त्यांना पक्षाच्या मूळ विचाराचे वावडे नाही. त्यांची तक्रार कामाची किंवा माणसांची आहे आणि ती दूर करता येते.

येथे एक गोष्ट निक्षून सांगणे आवश्यक वाटते. मत न देणाऱ्या गावाची पाणीयोजना किंवा रस्ता अडवण्यासाठी हाच तक्ता वापरला गेल्याच्या तक्रारी ग्रामीण भागात सतत ऐकू येतात. तो वापर लोकशाहीचा घात करणारा आहे आणि ज्या पक्षाचे स्थानिक पुढारी असे वागतात, त्या पक्षाने कितीही सुंदर जाहीरनामा छापला तरी ते गाव तो उघडून पाहत नाही.

तक्रार शेवटच्या टोकापर्यंत ऐकून घ्यावी

तालुकाध्यक्षाकडून येणाऱ्या अहवालात ‘वातावरण चांगले आहे’ एवढेच असते, कारण वरिष्ठांना तेच ऐकायचे असते, हे त्याला ठाऊक असते. म्हणून ऐकण्याचे काम त्या तालुक्याबाहेरच्या कार्यकर्त्यांकडे द्यावे, त्यांना पक्षाच्या टोप्या व गमछे घालू देऊ नयेत आणि भाषण करण्यास मनाई करावी. प्रश्न विचारतानाही ‘तुमच्या समस्या काय आहेत’ असे विचारू नये. त्याला रस्ता, वीज, पाणी हे ठरलेले उत्तर मिळते. ‘गेल्या वर्षात तुमचे पैसे कोठे अडकले’, ‘कोणत्या कचेरीत सर्वांत जास्त फेऱ्या झाल्या’, ‘घरातले कोण कामासाठी गाव सोडून गेले’ असे विचारले, की माणूस मोकळेपणाने बोलू लागतो.

सोयाबीनचे उदाहरण जवळून पाहावे. 2024-25 च्या हंगामासाठी हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजारातील भाव त्याच्या बराच खाली होता. निवडणुकीत एका बाजूने 6,000 रुपयांचा भाव सांगितला, तर दुसरीने 7,000 चा. पण मराठवाड्यातील किंवा विदर्भातील शेतकऱ्याची अडचण भावाच्या आधीच सुरू होत होती. सरकारी खरेदी केंद्रावर माल द्यायचा तर सातबाऱ्यावर पिकाची नोंद हवी, ऑनलाइन नोंदणी हवी आणि मग निरोपाची वाट पाहायची. ट्रॅक्टर भाड्याने करून माल केंद्रावर नेला, की ओलावा मोजण्याचे यंत्र लावले जाई आणि आकडा 12 च्या वर गेला की माल परत. काढणीच्या वेळी पाऊस झालेल्या वर्षी ओलावा 12 टक्क्यांच्या आत आणण्यासाठी लहान शेतकऱ्याकडे ना खळे उरले आहे ना वाळवणीसाठी वेळ, कारण दिवाळीची देणी आणि रब्बीची पेरणी दारात उभी असते. भाडे अंगावर पडण्यापेक्षा तो त्याच ट्रॅक्टरने व्यापाऱ्याकडे जातो आणि मिळेल त्या भावाने माल घालून मोकळा होतो. केंद्र सरकारने ओलाव्याची मर्यादा 15 टक्क्यांपर्यंत वाढवली ती नोव्हेंबरच्या मध्यावर, मतदान तोंडावर आले असताना, आणि तोपर्यंत अनेकांचा माल विकून झाला होता. पुढे खरेदीला वेग आला तेव्हा बारदाना संपल्याने केंद्रे अडली.

ही सगळी साखळी ज्याने ऐकली आहे, तो जाहीरनाम्यात केवळ भावाचा आकडा लिहून थांबणार नाही. खरेदी केंद्रे कोणत्या तारखेला सुरू होतील, बारदाना कधीपर्यंत पोहोचलेला असेल, जास्त ओलाव्याचा माल परत न पाठवता कोणत्या प्रमाणात कपात करून घेतला जाईल, बाजार समितीच्या आवारात वाळवणीची सोय कोण करील आणि पैसे किती दिवसांत खात्यावर जमा होतील, हे तो लिहील. या वचनांना खर्च तुलनेने कमी येतो आणि ती पाळली गेली की नाही, हे शेतकऱ्याला एका हंगामात कळते. त्याशिवाय हमीभाव ठरवणे हा केंद्राचा अधिकार आहे. राज्यातील पक्ष फार तर बोनस किंवा भावांतर, म्हणजे हमीभाव व बाजारभाव यांतील फरक, देऊ शकतो. जे आपल्या अधिकारात नाही त्याचे वचन देणे हा पत घालवण्याचा सर्वांत जवळचा मार्ग आहे, म्हणून मसुद्यातील प्रत्येक कलमापुढे ‘अधिकार कोणाचा’ असा रकाना ठेवावा आणि केंद्राच्या अखत्यारीतील विषयांत आपण काय मागणी करू, एवढेच प्रामाणिकपणे लिहावे.

सत्तेतील पक्षाला मात्र ही सवलत नाही. 8 डिसेंबर 2023 रोजी कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली. ती 4 मे 2024 रोजी उठली तरी टनाला 550 डॉलरचे किमान निर्यातमूल्य आणि 40 टक्के शुल्क लागू झाले. नाशिकच्या कांदा पट्ट्यातील दिंडोरीत त्या वेळच्या केंद्रीय राज्यमंत्री पराभूत झाल्या. सप्टेंबरमध्ये किमान निर्यातमूल्य रद्द झाले आणि शुल्क 20 टक्क्यांवर आले, म्हणजे विधानसभेपूर्वी सत्ताधाऱ्यांनी आपले धोरणच बदलले. ज्याच्या हाती निर्णय आहे, त्याने आधी निर्णय बदलावा आणि जाहीरनाम्यात त्याची नोंद करावी, हा क्रम योग्यच आहे.

काय बदलायचे आणि काय बदलायचे नाही

मतदार जोडण्याच्या ओढीने पक्ष आपली ओळखच बदलू लागतो, तेव्हा जुने लोक दुरावतात आणि नवे येत नाहीत. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचा प्रवास यासाठी अभ्यासावा. 9 मार्च 2006 रोजी स्थापन झालेल्या या पक्षाने मराठी माणसाच्या नोकरी-व्यवसायाचा प्रश्न घेऊन 2009 मध्ये विधानसभेच्या 13 जागा जिंकल्या. 2014 मध्ये पक्षाने विकासाचा सविस्तर आराखडा मांडला, पण त्या वर्षी एकच जागा आली. 2014 मध्ये नरेंद्र मोदींना पाठिंबा, 2019 मध्ये त्यांच्याविरुद्ध राज्यभर सभा, जानेवारी 2020 मध्ये नवा भगवा झेंडा व हिंदुत्वाची भूमिका आणि 2024 च्या लोकसभेला पुन्हा बिनशर्त पाठिंबा, असा हा क्रम आहे. 2024 च्या विधानसभेत पक्षाला एकही जागा मिळाली नाही. यातील प्रत्येक वळणामागे त्या वेळी काही ना काही कारण असेलच, पण मतदाराला दिसते ते वळण. कारण सांगणारा कार्यकर्ता त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

शिवसेनेनेही आपली भूमिका विस्तारली होती. 1966 मध्ये मराठी तरुणांच्या नोकऱ्यांसाठी उभ्या राहिलेल्या या संघटनेने 1980 च्या दशकाच्या मध्यापासून हिंदुत्वाचा पुरस्कार केला, मुंबई-ठाण्याबाहेर मराठवाड्यात पाय रोवले आणि 1995 मध्ये 73 जागा जिंकून भाजपसह सत्ता मिळवली. या विस्तारात तिने मराठीचा मुद्दा सोडला नाही आणि शाखेतून चालणारे रोजचे काम, म्हणजे दवाखान्यात खाट मिळवून देण्यापासून नळाच्या तक्रारीपर्यंतचे, चालू ठेवले. नवी भूमिका जुन्या कामाच्या आधाराने पोहोचली. या विस्ताराची किंमतही पक्षाला मोजावी लागली, तिचा उल्लेख पुढे येईल.

यावरून समितीने पहिल्याच बैठकीत दोन याद्या कराव्यात. पहिलीत पक्ष ज्यासाठी निघाला त्या चार-पाच गोष्टी असाव्यात, ज्या निवडणूक हरली तरी सोडायच्या नाहीत. दुसरीत ती उद्दिष्टे गाठण्याचे मार्ग असावेत, जे काळानुसार बदलायचे. शेतकरी कामगार पक्षाने 1950 मध्ये दाभाडी येथे मार्क्सवादी भूमिका स्वीकारली आणि त्या भूमिकेवरून पक्षात फाटाफूट झाली. सांगोल्यातून मात्र गणपतराव देशमुख 11 वेळा विधानसभेवर निवडून गेले आणि त्यामागे दुष्काळी तालुक्यात पाण्यासाठी केलेले अखंड काम व साधी राहणी होती. सिद्धांताचा मसुदा किती नेमका आहे, यावर रात्री जागवणाऱ्या समित्यांनी हे उदाहरण अवश्य लक्षात घ्यावे.

जुनी भूमिका सोडायची असेल, तर ती सोडल्याचे उघडपणे सांगावे आणि कारण द्यावे. वेगळ्या विदर्भाच्या मागणीबाबत अनेक पक्षांनी नागपुरात एक आणि मुंबईत दुसरे बोलण्याची सवय लावून घेतली होती. भाजपने 1997 मध्ये भुवनेश्वर येथे छोट्या राज्यांच्या बाजूने ठराव केला, पण युतीतील शिवसेनेच्या विरोधामुळे तो विषय मागे राहिला आणि पुढे सत्ता आल्यावरही तडीस गेला नाही. ज्यांना ही मागणी जिव्हाळ्याची आहे त्यांचा राग नकारापेक्षा या टोलवाटोलवीवर अधिक आहे. आज एका सभेतील वाक्य दहा मिनिटांत दुसऱ्या जिल्ह्यातील मोबाइलवर पोहोचते, त्यामुळे प्रदेशानुसार भर वेगळा ठेवता येईल, भूमिका वेगळी ठेवता येणार नाही.

पैसा कोठून येणार, हे जाहीरनाम्यातच लिहावे

या बाबतीत महाराष्ट्राकडे स्वतःचा फार चांगला वारसा आहे आणि तो विसरला गेल्याचे मनापासून वाईट वाटते. 1972 च्या दुष्काळात ज्या रोजगार हमी योजनेने लाखो कुटुंबांना हात दिला, तिच्यामागे वि. स. पागे यांचा विचार होता. 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. या योजनेचा पैसा हवेतून येणार नव्हता. त्यासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर बसवण्यात आला आणि शहरातील पगारदाराच्या खिशातून गावातील मजुराच्या हाताला काम, असा सरळ संबंध कायद्याने जोडला. आजही पगारपत्रकात दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपयांची जी कपात दिसते, ती त्याच कराची. वचन आणि त्याचा खर्च भागवणारा कर एकाच वेळी लोकांसमोर ठेवता येतो, हे या राज्याने करून दाखवले आहे.

याच्या उलट अनुभव 2004 चा आहे. त्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीपूर्वी राज्यातील काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीच्या सरकारने शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली. निवडणूक जिंकल्यानंतर, 2005 मध्ये, त्याच आघाडीच्या सरकारला ती मागे घ्यावी लागली. ताजा अनुभवही पाहावा. लाडकी बहीण योजनेच्या अर्जांची निवडणुकीनंतर छाननी होऊन लाखो नावे वगळली गेली आणि 2025-26 च्या अर्थसंकल्पात 2,100 रुपयांसाठी तरतूद झाली नाही. दुसऱ्या बाजूच्या 3,000 रुपयांच्या वचनाचा हिशेबही सोपा नव्हता: दोन कोटी महिला धरल्या तरी वर्षाला 72,000 कोटी रुपये लागतात आणि 2025-26 चा राज्याचा एकूण खर्चच सुमारे 7 लाख कोटींचा आहे. त्या प्रचाराच्या काळातच काँग्रेसचे अध्यक्ष मल्लिकार्जुन खर्गे यांनी अर्थसंकल्प पाहूनच हमी द्याव्यात, असे कर्नाटकातील आपल्या सहकाऱ्यांना जाहीरपणे सुनावले होते. विरोधकांनी त्या विधानाचे भांडवल केले, तरी सल्ला रास्तच होता.

समितीने प्रत्येक कलमाचा वार्षिक खर्च काढावा, लाभार्थींची संख्या कोणत्या आधारे धरली ते लिहावे आणि सर्व कलमांची बेरीज शेवटी द्यावी. ती बेरीज पाहून बहुतेक मसुदे निम्मे होतात, आणि तसे झालेलेच बरे. उरलेल्यांत अनुक्रम लावावा: पहिल्या शंभर दिवसांत काय, पहिल्या अर्थसंकल्पात काय आणि पाच वर्षांत काय. शासकीय निर्णयाने होणारी कामे आणि कायदा बदलून होणारी कामे वेगळी दाखवावीत.

कायद्याची बाजूही हेच मागते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानंतर निवडणूक आयोगाने आचारसंहितेत जाहीरनाम्याविषयीचा भाग घातला. त्यानुसार वचनांमागील कारण आणि पैसा उभा करण्याचे मार्ग ढोबळपणे तरी सांगणे अपेक्षित आहे. मतदान संपण्यापूर्वीच्या शेवटच्या 48 तासांत जाहीरनामा प्रसिद्ध करता येत नाही. धर्म, जात, भाषा यांच्या नावावर मते मागणे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123 नुसार भ्रष्ट आचार ठरते आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची व्याप्ती मतदाराच्या धर्म-जातीपर्यंत मानली. 1987 च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत जिंकलेली जागा याच कारणावरून रद्द झाली आणि त्या प्रचारासाठी शिवसेनाप्रमुखांना सहा वर्षे मताधिकार गमवावा लागला; विस्ताराची वर म्हटलेली किंमत ती हीच. मसुदा छापण्यापूर्वी निवडणूक कायदा जाणणाऱ्या वकिलाला तो दाखवावा.

हाती सत्ता नसताना पत कशी कमवावी

राज्यात हरलेल्या पक्षाकडेही एखादी नगरपरिषद, पंचायत समिती, बाजार समिती किंवा जिल्हा बँक असते. जाहीरनाम्यातील निदान दोन-तीन कलमे तेथे आधी राबवून दाखवावीत. बाजार समिती आपल्याकडे असेल, तर वाळवणीचा ओटा बांधायला आणि वजनकाट्याची दर महिन्याला तपासणी करायला मंत्रालयाची वाट पाहावी लागत नाही. निवडणुकीत मग कार्यकर्ता ‘शेजारच्या तालुक्यात जाऊन पाहा’ असे म्हणू शकतो, आणि या वाक्याची बरोबरी कोणतीही जाहिरात करू शकत नाही.

मोठा जाहीरनामा प्रसिद्ध करावाच, पण घराघरांत पोहोचवायची असते ती तालुक्याची एक पानी पत्रिका. तिच्यात पाचांहून अधिक वचने नसावीत, प्रत्येक वचनापुढे मुदत असावी आणि मागच्या वेळी दिलेल्या वचनांचे काय झाले, हे वरच्याच भागात लिहिलेले असावे, अपुरे राहिलेले धरून. आघाडीत लढायचे असेल, तर मित्रपक्षांशी जागावाटपाच्या चर्चेसोबतच या पत्रिकेवरही सह्या व्हाव्यात. 2019 मध्ये निकालानंतर तीन पक्षांना किमान समान कार्यक्रम नव्याने ठरवावा लागला, तेव्हा ज्यांनी आधी मत दिले होते त्यांच्या वचनांचे काय, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

पुन्हा पराभव झाला तरी कागद गुंडाळून ठेवू नये. ज्या कलमांचे कायद्यात रूपांतर होऊ शकते, त्यांतील दोन कलमांचे मसुदे पक्षाच्या आमदारांनी अशासकीय विधेयक म्हणून नागपूरच्या पहिल्या हिवाळी अधिवेशनातच मांडावेत, उरलेल्यांवर तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे असते) आणि कपात सूचना (खर्चाच्या मागणीत कपात सुचवून चर्चा घडवणाऱ्या) द्याव्यात, आणि सभागृहात मिळालेले उत्तर त्याच आठवड्यात संबंधित तालुका समितीकडे पाठवून ते गावातील बैठकीत वाचून दाखवण्याची जबाबदारी एका नावानिशी ठरवलेल्या कार्यकर्त्यावर सोपवावी.